करड्या सिंथमधला वारा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

राउटर आला. कुरिअरवाला मिरकरवाड्यात आत शिरायला तयार नव्हता, म्हणून बर्फाच्या कारखान्यापाशी जाऊन घेतला. टिफिनच्या डब्याएवढा काळा खोका. मागे आत येणाऱ्या वायरींची चार भोकं, बाहेर जाणाऱ्यांची चार, आणि कॉम्प्युटरसाठी एक. एवढ्यासाठी दोन महिने जिवाला चैन नव्हतं.

आईने विचारलं, यातून काय वाजतं. काहीच वाजत नाही म्हटलं. हा पोस्टमन. कॉम्प्युटरचा निरोप कुठल्या सिंथेसायझरला द्यायचा आणि सिंथचा निरोप परत कॉम्प्युटरला कसा आणायचा, एवढंच याचं काम.

"मग वाजवायचं कुणी?" असं म्हणून ती मासळीची टोपली घेऊन जेटीवर गेली.

वरच्या खोलीत पूर्वी बाबांची जाळी असायची. आता तीन सिंथ आहेत. लाल माझा. काळा आणि करडा सुजयचे. ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं आम्ही शेजारी उभं राहून वाजवलं. मी सूर सांभाळायची, तो आवाज बनवायचा. करड्यात त्याने स्वतः बनवलेले चौसष्ट आवाज आहेत. पाच वर्षांपूर्वी तो सगळं सोडून जयगडला बंदरात नोकरीला लागला. जाताना दोन्ही सिंथ माझ्याकडे ठेवले, पडून राहण्यापेक्षा वाजू देत म्हणाला. मला त्याचा राग आला होता. अजून आहे बहुतेक.

९ ऑक्टोबर

काशीरामबुवा आले होते. संगमेश्वरकडच्या एका गावातलं त्यांचं नमन-खेळ्यांचं मंडळ. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत नाट्यगृहात प्रयोग आहे, आणि वगाचं सगळं पार्श्वसंगीत त्यांना माझ्याकडून रेकॉर्ड करून हवंय. या खोलीतलं माझं पहिलं मोठं काम.

पण अट एकच. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या प्रयोगात मी आणि सुजयने वाजवलं होतं, तेव्हाचा तो वारा हवा. वगात एक बाई किनाऱ्यावर होडीची वाट बघत उभी असते, त्या जागेचा. बुवा म्हणाले, तो वारा सुरू झाला तेव्हा पुढे बसलेल्या बायकांनी डोक्यावरचे पदर घट्ट धरले होते.

करड्यात सदतीस नंबरला आहे. लावून दाखवला. बुवांनी डोळे मिटले आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत. पंधरा नोव्हेंबरला देते म्हणून कबूल केलं.

एक धाकधूक आहे. करडा चालू केला की पहिल्यांदा "बॅटरी कमी" असं दाखवतो. त्याची आठवण आतल्या छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी गेली की चौसष्टच्या चौसष्ट आवाज गेले. म्हणून आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, मग बॅटरी बदलायची. शिवाय करड्याचा पडदा बोटभर, एका वेळी एकच आकडा दिसतो. एका आवाजात असे शंभरावर आकडे. कॉम्प्युटरच्या एडिटरमध्ये सगळे एकदम समोर येतात. राउटर त्यासाठीच आणलाय.

११ ऑक्टोबर

सकाळपासून वेड लागायची पाळी. काळ्याची एक पट्टी दाबली की लाल वाजतो, लाल वाजला की तेच परत काळ्याला जातं, आणि मशीन फुटल्यासारखा तडतडाट. खालून आई ओरडली.

शेवटी सुजयला फोन केला. करायचा नव्हता. तो शिफ्टवर होता, जेवणाच्या सुट्टीत त्याचे सहा व्हॉइस नोट आले. निरोप फिरून तिथेच येतोय, आलेला निरोप तिकडेच परत पाठवू नको असं राउटरला सांग. आधी कुठली वायर काढायची, मग कुठलं बटण, सगळं इतकं सावकाश की मी शिकाऊ आहे असं वाटावं. पण तडतडाट थांबला.

मग त्याने फोन करून सदतीस नंबर लावायला सांगितला. मोबाईल स्पीकरपाशी धरून मी पाच मिनिटं उभी. वायरी नीट आहेत ना ते बघायला असेल. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा. तो तसं नाही म्हणाला. मागे कँटीनच्या ताटांचा आवाज येत राहिला.

१३ ऑक्टोबर

लाल बोलतो, काळा बोलतो. करडा कॉम्प्युटरला उत्तर देत नाही.

सुजय म्हणतो, आवाजांचा साठा पाठवायचा म्हणजे निरोप लांबलचक असतो आणि असे लांब निरोप राउटर मुळात अडवतो, ती अडवणूक कुठे काढायची ते शोध. सांगून झाल्यावर, जरा बारा नंबर ऐकव, मग एक्कावन्न. मला वेळ नाही म्हटलं. काम माझं अडलंय आणि याला गाणी सुचतायत.

१५ ऑक्टोबर

अडवणूक सापडली, काढली. सुजयला कळवलं तर म्हणाला, दिवाळीत चार दिवस रजा टाकलीय, मी येतो, दोघं मिळून उतरवू, तोपर्यंत करड्याला हात लावू नको.

पाच वर्षं मी हा सिंथ पुसते, झाकते, पावसाळ्यात आत कापराच्या वड्या ठेवते. आणि हात लावू नको. स्वतः सोडून गेलेल्या माणसाने मला हे सांगायचं.

रजा कशाला घ्यायची एवढ्यासाठी. दिवाळीच्या आत मीच उतरवून ठेवते. तो येईल तेव्हा स्क्रीनवर चौसष्ट नावं ओळीने दाखवेन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

साडेतीन वाजता झालं. आत्ता सहा वाजलेत. 

करड्याचा एडिटर उघडला. थोडा वेळ घेऊन त्याने सांगितलं, सिंथ सापडला. मी टाळी वाजवली. एकटीच खोलीत. मग त्याने विचारलं, दोन्हीकडचे आवाज जुळत नाहीत, खरे कुठले धरायचे? दोन बटणं, दोन बाण. तेवढ्यात बुवांचा फोन आला. फोन खांद्यात धरून, हो बुवा, होतंय बुवा, म्हणत मी एक बटण दाबलं. स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली. मला इतका आनंद झाला. करडा आणि कॉम्प्युटर पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. बुवांनाही सांगितलं, तुमचा वारा कॉम्प्युटरवर उतरतोय.

उतरत नव्हता. कॉम्प्युटरचे कोरे आवाज करड्यात चढत होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा पट्टी शेवटाला पोचली होती. एक ते चौसष्ट, सगळीकडे एकच नाव, "नवा आवाज". सदतीस लावला तर सपाट पीऽऽ.

बंद करून चालू केला. वायरी काढल्या. परत चालू केला. सगळा "नवा आवाज".

आई चहा घेऊन वर आली. अंगात कणकण आहे म्हटलं.

१८ ऑक्टोबर

सुजयला सांगितलं, बॅटरी गेली.

आधी दोनदा फोन उचलून ठेवला होता. ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं, की जे झालं ते सांगायचं. त्याने हॅलो म्हटल्यावर माझ्या तोंडून, "सुजय, करड्याची बॅटरी गेली रे," असं बाहेर पडलं. इतक्या सहज की मलाच खरं वाटलं.

 त्याने विचारलं, पडद्यावर नावं काय दिसतायत. मी सांगितलं, सगळीकडे "नवा आवाज". एक ते चौसष्ट? हो. सगळी सारखी, नीट? हो, नीट. तो बरं म्हणाला. बॅटरी बदलून घे म्हणाला.

असं का विचारलं कळलं नाही. पण ओरडला नाही, कुणावर ढकललं नाही. सुटल्यासारखं वाटलं. जेवले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

तो आला नाही. शिफ्ट बदलली असेल. दिवाळीत बंदरात माणसं कमी असतात. त्याचे व्हॉइस नोटही येत नाहीत आता. एका अर्थी बरंच, मला कामाला वेळ मिळतो. तरी फोन सारखा बघते.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून बॅटरी बदलून घेतली. त्याने जुनी मोजून बघितली. अजून दोन-तीन महिने सहज गेली असती म्हणाला.

आईने फराळाचा डबा भरून ठेवलाय सुजयसाठी. तिला काय सांगू.

२६ ऑक्टोबर

वारा परत बनवतेय. बुवांच्या मंडळात एकाकडे त्या प्रयोगाचं मोबाईलवरचं शूटिंग मिळालं. पुढे कुणीतरी खोकतंय, मागे पोर रडतंय, आणि त्याच्या खाली वारा. तो तुकडा दोनशे वेळा तरी ऐकला असेल.

एडिटर आता मुकाट चालतो. माउसने चाक फिरवलं की करड्यात आवाज त्याच क्षणी बदलतो. ज्यासाठी सगळं जोडलं ते झालं. खोलीत मात्र बसवत नाही. दहा मिनिटं काम केलं की गॅलरीत येते. खाली लिलाव, बर्फ फोडण्याचं मशीन, गाड्या. परत आत जाते. काय ऐकत होते तेच विसरते.

सुजयने हे कसं केलं असेल? त्या बोटभर पडद्यावर, एकेक आकडा बदलत. कधी विचारलंच नाही. तो रिहर्सलला उशिरा यायचा आणि मी चिडायची, एवढंच आठवतं.

२९ ऑक्टोबर

बुवांना माझा वारा ऐकवला. दोनदा ऐकला त्यांनी. चांगला आहे म्हणाले. मग अंगणात चपला घालताना म्हणाले, "ताई, हा दार लावून घरात बसल्यावर ऐकू येतो तो वारा. आपली बाई बाहेर उभी आहे."

गेले. मी राउटरच्या सगळ्या वायरी काढून परत लावल्या. दोष तिथे नाही हे माहीत असून.

२ नोव्हेंबर

मारुती मंदिराच्या बाजारात सुजयची बायको भेटली, वेदिका. माहेरी आली होती. मला बघून भाजीची पिशवी खाली ठेवून उभीच राहिली.

म्हणाली, मध्ये तुम्ही दोघं फोनवर ते वाजवत होतात ना, तेव्हा हा जेवणाच्या सुट्टीत जेवायचाच नाही. डबा तसाच परत यायचा. मला वाटलं तब्येत बिघडली. विचारलं तर म्हणाला, मनिषा सिंथ लावतेय, ऐकतो. दिवाळीची रजा मंजूर झाली होती, पाडव्याच्या चार दिवस आधी स्वतःच जाऊन रद्द करून आला. ताई, तुमचं काही बिनसलं का?

नाही गो, म्हटलं. कामाचं असेल.

घरी येईपर्यंत तारखा जुळवत होते. चार दिवस आधी म्हणजे अठरा. पण अठराला तर मी त्याला बॅटरीच म्हटलं होतं. बॅटरी गेली म्हणून कुणी रजा रद्द करतं?

४ नोव्हेंबर

रात्रभर डोळा नाही. आई म्हणाली, "काय झालंय ते मना सांगू नको, पण ज्याला सांगायचं त्याला सांग."

उद्या जयगडला जाते.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या एसटीने गेले.  सुजयची दुपारची शिफ्ट होती. बंदराच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथे बोलावलं त्याने. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. केस बरेच पांढरे झालेत. फोनवर ते दिसत नाही.

चहा यायच्या आत सांगितलं. "बॅटरी गेली नव्हती. मी उलटा बाण दाबला. सगळं माझ्या हातून गेलं."

"माहितीये," तो म्हणाला.

कसं, असं विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. बॅटरी गेली की पडद्यावर किडामुंगीसारखी अक्षरं येतात, काहीही, कुठेही. एक ते चौसष्ट एकच नाव, तेही नीट लिहिलेलं, हे कुणीतरी पाठवल्याशिवाय येत नाही. नावं सगळी सारखी आहेत हे मी सांगितलं तेव्हाच कळलं.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मी रडायला लागले. त्याने थांब म्हटलं नाही, समजूत घातली नाही. चहा प्यायला. मग म्हणाला, नऊ वर्षं लागली होती ते बनवायला. कुठे लिहून ठेवलं नाही, ठेवायला हवं होतं, ती माझी चूक. सदतीस नंबर मिऱ्याच्या बंधाऱ्यावर बसून केला होता, तीन संध्याकाळी, गाडीच्या बॅटरीवर सिंथ चालवून. वारा ऐकायचा, एक आकडा बदलायचा, परत ऐकायचा. शंभरातले चार आकडेसुद्धा आता आठवत नाहीत.

हे सगळं आवाज न चढवता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी परत बनवायचा प्रयत्न करतेय, पाठवते, ऐक. तो म्हणाला, नको. मग उठला. "मनिषा, मी सोडून गेलो असं तू सगळ्यांना सांगतेस. पोरगी झाली होती, ऑर्केस्ट्राला तारखा नव्हत्या. एकदाही विचारलं नाहीस." हेल्मेट घातलं. "रविवारी येतो. करडा न्यायला."

येताना खिडकीत बसले होते. विचारलं नव्हतं, खरंच. पाच वर्षांत एकदाही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आला. कुणाचीतरी छोटी टेम्पोगाडी घेऊन. आईने त्याला बसवून बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. तो पोटभर जेवला, दोनदा तिखलं मागून. आईशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलला, माझ्याशी नाही.

वर आल्यावर मांडणी बघत उभा राहिला. तीन सिंथ, राउटर, कॉम्प्युटर, सगळ्या वायरींना मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. छान केलंयस म्हणाला. मनापासून म्हणाला असं वाटलं, पण आता माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. मी एडिटर उघडून दाखवला, सगळे आकडे एकदम. तो वाकून बराच वेळ बघत होता. हे सॉफ्टवेअर तुलाही घालून देते म्हटलं, वायरही देते. नको म्हणाला.

मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नेतोयस ना? काळाही ने मग.

"काळा राहू दे तुझ्याकडे. चौसष्ट जागा रिकाम्या आहेत ना करड्यात," तो म्हणाला. "भरायला नकोत?"

हे रागाने होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

मी करड्याच्या वायरी काढल्या. इन, मग आउट. राउटरवरचा एक हिरवा दिवा विझला. दोघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला, वळणावर माझी बोटं भिंतीत चेमटली, तो थांबला, फुंकर घाल म्हणाला. टेम्पोत गादी अंथरून आणली होती त्याने. खालच्या बायका, कुणाचं काय चाललंय म्हणून बघत होत्या.

गाडी गेल्यावर आई म्हणाली, "पोरगा बारीक झालाय."

१४ नोव्हेंबर

काम दिलं. एक दिवस आधी.

बुवांना परवाच खरं सांगितलं. तो वारा आता नाही, माझ्या चुकीने गेला, परत येणार नाही.  मला वाटलं, काम काढून घेतात. मग म्हणाले, तर मग तुमचा द्या, पण दार उघडा.

दोन दिवस दार उघडत होते. लालवर केला, करडा नाही म्हणून पहिल्यापासून नवीन. सुजयसारखा करायचा नाही असं ठरवल्यावर जरा हलका हात चालला. बाबांची होडी यायला उशीर झाला की आई जेटीवर उभी राहायची आणि मी तिच्या मागे पदरात तोंड खुपसून. त्या वेळचा वारा मला कानाने नाही, पोटात आठवतो. तसा केलाय. तो शिट्टी मारत नाही, ढकलतो.

बुवांनी ऐकला. तोच आहे असं म्हणाले नाहीत. तो नाहीच. बाईला उभं राहता येईल म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

२१ नोव्हेंबर

आठवडा नुसता फेऱ्या मारण्यात गेला. माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणाऱ्या मुलींवर विनाकारण चिडले. खोली मोठी वाटते.

आज दुपारी दीडला सुजयचा फोन. हॅलो नाही, काही नाही. नुसता आवाज. खालून येणारा, खरखरीत, मध्येच वर जाऊन तुटणारा वारा. मागे वेदिका, हळू कर, पोरगी झोपलीय, म्हणत होती. मिनिटभर चालला. मग थांबला आणि सुजय म्हणाला, ऐकू आलं का.

खालचा सूर जास्त झालाय, मी म्हणाले.

नाही झालेला.

झालाय. वरचा फाटतो तेव्हा खालचा त्याला धरून ठेवतो, सुटूच देत नाही.

तुझा मोबाईल खराब आहे, तो म्हणाला, मोबाईलवर खालचं कळत नाही. मी म्हटलं, मोबाईलवर खालचं कमी ऐकू येतं, जास्त नाही, म्हणजे तिकडे तर केवढा असेल. त्याने परत वाजवला. मी परत तेच सांगितलं. तुला वाऱ्यातलं काय कळतं म्हणाला. मी म्हटलं, माझा मुंबईला चाललाय. त्यावर तो हसला, पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं ते हसणं, आणि लगेच परत भांडायला लागला. वीस मिनिटं. शेवटी शिफ्टची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. जाताना म्हणाला, उद्या खालचा कमी करून ऐकवतो, पण तू चूक आहेस.

हा तो वारा नव्हता. त्यालाही कळलं होतं, मलाही. दोघांनीही तसं म्हटलं नाही.